लोडरचा स्क्रू कुणी आवळला

१

वॉल्व्हचा स्क्रू दीड आटा, म्हणजे दीड फेरा, जास्त आत गेला होता, आणि देविदासचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला होता. या दोन्हींच्या मधे कोण आहे ते शोधायचं काम मी अंगावर घेतलं. जबरदस्ती कुणी केली नव्हती, हौस माझीच. आज सांगताना मान वर होत नाही, पण सांगायचं तर सगळंच सांगायला पाहिजे.

मी गुरुबसप्पा. उदगीरला माझं वर्कशॉप आहे. छोट्या ट्रॅक्टरला पुढं माती उचलायच्या बकेटचा लोडर बसवून द्यायचा, त्याचा पंप, नळ्या, वॉल्व्ह सगळं जुळवून द्यायचं, हे माझं काम. तीस वर्षं झाली. चाकूरपासून मुखेडपर्यंत लोक मला उस्ताद म्हणतात, आणि मला ते ऐकायला लई आवडायचं.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता तो. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या उदगीरात 'जिल्हा झालाच पाहिजे'चे बॅनर लागले होते. माझी बायको शरणम्मा म्हणायची, "घागर भराया न्हाई आन् ह्यांना कलेक्टर पायजे!" तलाव कोरडे पडल्यामुळं गावोगाव गाळ काढायची कामं निघाली होती. लोडरला मागणी आली आणि माझा फोन दिवसभर खणखणायला लागला.

त्या दिवशीही मी फोनवरच होतो. पलीकडं इंजिनाचा आवाज, माणूस ओरडून बोलत होता. मी पण ओरडलो, "उचलंना? मग अर्धा आटा दे, चेकनट आवळ, वर रंगाची रेघ मार. काही होत न्हाई!" फोन ठेवला तर दारात एक बाई उभी.

"मी सुभद्राबाई. तोगरखेडची. देविदासची बायको."

देविदासचं मला माहीत होतं. पाच दिवसांपूर्वी तोगरखेडच्या तलावात लोडरचं बकेट वर असताना नळी फुटली आणि गाळानं भरलेलं बकेट त्याच्या पायावर आलं. ट्रॅक्टर चालवत होता किशन, म्हणजे या सुभद्राबाईचा सख्खा धाकटा भाऊ. स्क्रूला कुणीतरी हात लावलाय, अशी बोलवा होती. ठाण्यात किशनचंच नाव गेलं होतं.

"बसा बाई."

"बसाया न्हाई आले. उस्ताद, मला एकच सांगा. माझ्या भावानं आवळलं का न्हाई? आवळलं आसंल तर मी त्याचं तोंड बघणार न्हाई, मेला तरी. न्हाई आवळलं तर त्याला घरात घेते. पाच दिस झाले, तो तळ्यावर ट्रॅक्टरखाली झोपून ऱ्हायलाय, आन् मी हिकडं भाकर गिळून ऱ्हायले."

"उद्या सांगतो," मी म्हणालो. छाती फुगवून म्हणालो. माझ्या मशीनला हात लावायची कुणाची हिंमत झाली, याचाच मला जास्त राग आला होता. देविदासचा पाय त्या रागात दुसऱ्या नंबरावर होता.

२

वॉल्व्ह म्हणजे काय ते आधी सांगतो. पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबानं बकेट उचलतं. दाब ठरल्यापेक्षा वर गेला की रिलीफ वॉल्व्ह उघडतो, तेल टाकीत परत जातं आणि बकेट जागीच थांबतं. म्हणजे मशीन सांगतं, बास बाबा, एवढंच. स्क्रू आत आवळला की मशीनचं हे बोलणं बंद होतं. ते ओझं उचलत राहतं आणि मग नळी तरी फुटते नाहीतर ट्रॅक्टर तरी मागून उठतो.

तळ्यावर जाऊन मी फुटलेली नळी काढली, तोंडाला बूच मारलं, दाब मोजायचं गेज लावलं. ट्रॅक्टर चालू करून लिव्हर धरला. काटा दोनशेवर गेला. जानेवारीत मी स्वतः एकशे चाळीसला लावून दिलं होतं. काटा परत एकशे चाळीसला येईपर्यंत स्क्रू सोडत गेलो आणि आटे मोजले. बरोब्बर दीड.

स्क्रूला जागेवर धरणाऱ्या चेकनटवर, मी तो ढिला करेपर्यंत, लाल रंगाची अखंड रेघ होती. स्क्रूला हात लावून झाला की नटवरून खाली वॉल्व्हपर्यंत रंगाची रेघ मारायची ही माझी पद्धत. पुन्हा कुणी फिरवलं तर रेघ तुटलेली दिसते. पण माझा रंग हिरवा! हा लाल होता, बैलांच्या शिंगांना लावतात तो. ट्रॅक्टरच्या पेटीत त्याच रंगाचा डबा सापडला.

किशन लिंबाखाली बसला होता. पंचविशीतला गडी, डोळे सुजलेले.

"डबा कुणाचा?"

"माझा."

"स्क्रू आवळलास?"

"हाव उस्ताद."

बघा, किती सोपं! मी खिशातला रुमाल काढून हातसुद्धा पुसायला घेतले. "किती आवळलास?"

"अर्धा आटा."

"खोटं बोलू नको. दीड हाय."

"नागाबाईची शप्पथ," तो आईचं नाव घेऊन उठून उभा राहिला. "आखितीच्या दुसऱ्या दिवशी अर्धाच दिला. खालचा गाळ वला हुता, उचलंना. बिगर विचारता हात लावणारा मी न्हाई, उस्ताद."

"कुणाला विचारलंस?"

तो माझ्याकडं बघत होता, त्यानं नजर खाली टाकली. मी तीनदा विचारलं. तीनदा तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मला वाटलं, मालकाला झाकतोय. गरीब माणूस, पोट मालकाच्या हातात. दुसरं काय असणार?

मी परत वॉल्व्हकडं गेलो आणि चेकनटवरचं तेल चिंधीनं पुसून काढलं. नट चांगला स्वच्छ झाला तेव्हा कळलं की लाल रेघ एकटी नाही.

३

नटच्या सहा बाजूंपैकी चार बाजूंना रंग होता. माझी हिरवी रेघ तुटलेली. दुसरी पिवळी, तीही तुटलेली. तिसरी पांढरी, तुटलेली. फक्त लाल माझा हात लागेपर्यंत अखंड होती, म्हणजे ती शेवटची. एकाच माणसानं एकाच वेळी दीड आटा दिला असता तर माझ्यानंतर एकच रेघ असती. इथं तीन होत्या. दीडाचे तीन भाग केले तर प्रत्येकी अर्धा. किशन खरं बोलत होता! पण त्यातला अर्धा त्याचा होताच, त्यामुळं सुभद्राबाईला सांगण्याजोगं अजून माझ्याकडं काही नव्हतं.

पांढऱ्या रेघेनं मला फार वेळ घेतला नाही. तो रंगच नव्हता. नखानं खरवडलं तर भुकटी निघाली. आणि रेघ एक नव्हती, शेजारी शेजारी तीन बारीक रेघा होत्या. रेघ एक मारायची हे ज्याला माहीत आहे पण ज्याच्या हाताला रोज तीनच ओढायची सवय आहे, असा माणूस मला माहीत होता. तो रोज सकाळी अंघोळ करून कपाळावर भस्म लावतो. मीही लावतो, म्हणून ओळखलं.

शिवमूर्ती, ट्रॅक्टरचा मालक. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्याची आडत आहे. मी गेलो तेव्हा गादीवर बसला होता, कपाळावर ताजं भस्म.

"या काका. दोन वर्षं झाली बघा, पोत्याचं तोंड दिसंना झालंय. जिल्हा झाला की मोंढा मोठा होईल म्हणतेत."

"जिल्हा राहू दे. पाडव्याच्या सुमाराला तू तळ्यावर गेला होतास?"

तारीख मी अंदाजानं टाकली. त्याचा हात मात्र आपोआप कपाळाकडं गेला.

"रंग नव्हता म्हणून भस्म कालवून रेघ मारलीस. आणि बोटं तीन लागली."

त्यानं पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाला, "किशन जेवाया गेला हुता. बकेट भरून उचलंना म्हणून मी अर्धा आटा दिला. त्याला सांगितलं न्हाई. मालक चोरून मशीनला हात लावतो म्हणला असता."

"चोरून का होईना, त्या माणसाचा पाय गेला!"

"काका, अर्ध्या आट्यानं जात न्हाई. मी विचारून केलं."

"कुणाला?"

त्यानं गड्याला हाक मारली. "काकांना चहा सांग रे." मी परत विचारलं. तो म्हणाला, "आता ते नाव काढून काय करायचं? मोठ्या माणसाचं नाव आसं चावडीवर न्यायचं न्हाई." आणि खाली बघायला लागला, अगदी किशनसारखा.

मोठा माणूस! वॉल्व्हमधलं कळणारा मोठा माणूस या भागात माझ्याशिवाय कोण आहे? एकच होता, आणि तो स्वतःला मोठा समजायचा. पिवळा रंगही त्याचाच होता. मला मनातून आनंद झाला. होय, आनंद. लाज वाटते, पण झाला.

४

चंद्रप्पा दहा वर्षं माझ्या हाताखाली होता. दोन वर्षांपूर्वी सुटला आणि मुखेडला स्वतःचं दुकान टाकलं. माझी नक्कल केली असं कुणी म्हणू नये म्हणून हिरव्याऐवजी पिवळा रंग धरला. तेव्हापासून मी जाईन तिथं सांगत होतो, चंद्रप्पाकडं जाऊ नका, त्याच्या हाताला अक्कल नाही.

एसटीनं मुखेडला उतरलो. त्यानं मला बघितलं आणि हातातला पाना टाकून आधी खुर्ची पुसली. मी बसलो. तो उभाच राहिला.

"तोगरखेडचा लोडर."

"शिवरात्रीच्या आधी नळी बदलाया बोलावलं हुतं. नळी बदलली. किशन म्हणला उचलंना, म्हून अर्धा आटा दिला. पिवळी रेघ माझीच हाय."

"पहिला हात तुझा. तू सुरू केलंस, मग बाकीच्यांनी ओढलं. आणि गेज न लावता?"

"माझ्याकडं गेज न्हाई, उस्ताद."

"मग घ्यायचं होतं! दुकान टाकायला अक्कल होती, गेज घ्यायला नाही?"

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघितलं. "घेऊन काय करू? तुमच्याजवळ धा वर्सं काढली. गेज लावायच्या टायमाला तुमी मला दर येळी भाईर धाडायचे. चहा आण, बोल्ट आण. काटा कसा वाचायचा, कुठवर न्यायचा, एकदाबी दावलं न्हाई. मला आटेच मोजता येतेत."

हे खरं होतं. आमच्यात असंच चालतं. उस्ताद आपला हात कुणाला देत नाही. माझ्या उस्तादानं मला दिला नव्हता, मी लपून बघितला होता. मी चंद्रप्पावर लपायचीही वेळ येऊ दिली नाही.

माझा आवाज जरा खाली आला. "बरं. अर्धा आटा दे म्हणून तुला कुणी सांगितलं?"

त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. "उस्ताद, ऊन झालंय. घरी जावा. जेवून घ्या."

"नाव सांग!"

"माझ्या तोंडून न्हाई निघायचं," चंद्रप्पा म्हणाला आणि आत निघून गेला.

५

घरी आलो तेव्हा तीन वाजले होते. शरणम्मानं ताट वाढलं. मी बोलत होतो, ती ऐकत होती. तिघांनी अर्धा अर्धा दिला, तिघांनी कुणालातरी विचारलं, तिघंही नाव सांगेनात, असा कोण नवाब लागून गेला, वगैरे. माझा फोन चार्जिंगला होता. तो वाजला. माझे हात खरकटे होते म्हणून शरणम्मानं उचलला.

पलीकडून कुणीतरी ओरडत होतं. तिनं ऐकलं, माझ्याकडं बघून डोळे मिचकावले आणि आवाज जाड करून म्हणाली, "उचलंना? मग अर्धा आटा दे, चेकनट आवळ, वर रंगाची रेघ मार. काही होत न्हाई!"

फोन ठेवून ती हसायला लागली. "घ्या! मीबी उस्ताद झाले. सगळ्यायला तेच तर सांगून ऱ्हायले तुमी, दिवाळीपासून. मला पाठ झालंय."

मी ताट बाजूला सारलं.

रेघ मारायला शिकवलं कुणी? मी. गेज हातात न देता आटे मोजायला लावलं कुणी? मी. तिघांना वेगवेगळ्या महिन्यात एकच उत्तर कोण देऊ शकतो? नंबर बघायचा तर मला चष्मा लागतो, म्हणून मी बघतच नाही. गाव विचारत नाही, मशीन विचारत नाही, बकेट किती भरतोस तेही विचारत नाही. समोरचा उस्ताद म्हणतो, तेवढ्यावर माझं पोट भरतं. अर्ध्या आट्यानं वीस किलो दाब वाढतो आणि एकशे साठ मशीन सोसतं, म्हणून माझं उत्तर दर वेळी बरोबर होतं. फक्त तीनही वेळा मशीन तेच होतं. चंद्रप्पानं दिलेलं शिवमूर्तीला माहीत नव्हतं, शिवमूर्तीनं दिलेलं किशनला माहीत नव्हतं. तिघांचं मिळून ज्याला माहीत असायला पाहिजे होतं तो एकच माणूस होता.

मी चष्मा लावला, आत्ताच्या त्या फोनवाल्याला 'स्क्रूला हात लावू नको' म्हणून सांगितलं आणि मग किशनला फोन केला. "आखितीच्या दुसऱ्या दिवशी तू मला फोन केला होतास?"

 तो म्हणाला, "जाऊ द्या उस्ताद. तुमी कशाला मनाला लावून घेता?"

ज्याच्या डोक्यावर केस होती तो मला समजावत होता. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, कारण उस्तादाला तोंडावर उलटं बोलायचं नसतं. आणि मी तीन ठिकाणी जाऊन तिघांना दरडावून आलो होतो.

यापुढचं सांगायला सगळ्यात जड जातं. मी दोन दिवस गप्प बसलो. सुभद्राबाईला 'उद्या' सांगितलं होतं, ते उलटून गेलं. तिघंही बोलणार नाहीत हे मला पक्कं कळलं होतं. किशनला थोडी सजा होईल, वकील आपण बघून देऊ, असाही विचार मी केला. अंथरुणात पडून केला, शांतपणे. शरणम्मानं तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं चपला आणून ठेवल्या आणि म्हणाली, "त्या बाईला तोंड दाखवा. न्हाईतर मला तुमचं बघवंना झालंय."

६

आधी ठाण्यात गेलो. जबाब लिहून दिला, सही केली. जमादार म्हणाला, "उस्ताद, फोनवर सांगितलं तर तुमचा काय दोष?" मी म्हणालो, लिहा तुम्ही. मग तळ्यावर जाऊन किशनला सोबत घेतलं. तो गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीपर्यंत आला आणि बहिणीच्या घराच्या कुंपणाबाहेरच थांबला. तिनं येऊ नको म्हटलेलं होतं.

तोगरखेडात मी किती वेळा गेलो असेन, पण त्या वस्तीत पाय पहिल्यांदाच ठेवत होतो. देविदास कालच दवाखान्यातून आलेला, बाजेवर होता, गुडघ्याला पट्ट्या. सुभद्राबाई चुलीपुढून उठली.

"बाई, तुमच्या भावानं अर्धा आटा आवळला. पण मला विचारून आवळला. त्याच्या आधी मालकानं आवळला तोही मला विचारून. त्याच्या आधी चंद्रप्पानं, तोही मला विचारून. मी एकालाही विचारलं नाही की मशीन कोणतं. पाय मी घेतला. ठाण्यात लिहून देऊन आलोय."

मला वाटलं ती शिव्या देईल. मी तयारीनं गेलो होतो, शिव्या मिळाल्या तर बरंच वाटेल असं काहीतरी मनात होतं. ती माझ्या अंगावरून बाहेर गेली. बाहेर तिचा रडण्याचा आवाज आला आणि मग भावाला बडवल्याचा. "सांगाया काय झालं हुतं रे मुडद्या? आठ दिस! आठ दिस मातीत झोपला माझा भाऊ!"

आत देविदास आणि मी दोघंच राहिलो. मी त्याच्या पायाकडं बघू शकत नव्हतो म्हणून भिंतीकडं बघत होतो.

"उस्ताद," तो म्हणाला, "त्या दिशी बकेटमधी बाभळीचं खोड आडकलं हुतं. मी काढाया खाली निघालो तर किशन वरडला, दाजी, वर बकेट आसताना खाली जाऊ नका. मीच ऐकलं न्हाई. मी म्हणलो, आरं गुरुबसप्पाचा वॉल्व्ह हाय, डोळे झाकून जावं."

तो रागानं बोलत नव्हता. झालेलं सांगत होता. मी तिथंच जमिनीवर बसलो.

सुभद्राबाई किशनला मनगट धरून आत घेऊन आली. त्याला चुलीजवळ बसवलं, भाकर दिली, वर कोरडं पिठलं. तो भाकरीकडं बघत बसला, हात लावेना. आठ दिवसांत त्यानं धड काही खाल्लं नसणार. ती त्याला म्हणाली, "खा की रं." तो हलला नाही.

मग ती माझ्याकडं वळली. आवाज साधा होता, घरच्या माणसाशी बोलावं तसा.

"उस्ताद, तुमी जावा आता. तुमच्यासमोर जेवाया त्याला लाज वाटतीय."

मी उठलो आणि बाहेर आलो.